एका देशाचे दोन देश झाले, मग जगणं कुठे सुधारलं? पाकिस्तान आणि बांगलादेशची तुलना

सोशल मीडियावर दर काही दिवसांनी एक पोस्ट फिरत येते. बांगलादेशी टका पाकिस्तानी रुपयाच्या दुपटीपेक्षा महाग झाला, म्हणजे बांगलादेश पुढे गेला, असा तिचा सूर असतो. मग खाली कॉमेंटमध्ये भांडण. कोणी म्हणतं पाकिस्तानकडे अणुबॉम्ब आहे, कोणी म्हणतं ढाक्यात मेट्रो आहे. आणि तिसरा कोणीतरी येऊन दोघांनाही सुनावतो की मुस्लीम देश आहेत, लोकसंख्या वाढवण्यापलीकडे त्यांना काय येतं?

आधी टक्याचं बोलून टाकू. चलनाचा भाव हे जगण्याचं माप नाही. एका डॉलरला जपानचे दीडशेच्या आसपास येन मिळतात, म्हणून जपानी माणूस आपल्यापेक्षा गरीब ठरत नाही. बॉम्ब आणि मेट्रोचंही तेच. मूल पाच वर्षांचं होईपर्यंत जगतं का, मुलगी दहावीपर्यंत जाते का, म्हातारा माणूस किती वर्षं काढतो, पूर आला तर घरातली किती माणसं वाचतात, हे प्रश्न विचारले की खरं चित्र दिसायला लागतं. आणि या दोन देशांची तुलना फार उपयोगाची आहे, कारण १९४७ ते १९७१ अशी २४ वर्षं हे दोन्ही मिळून एकच देश होते. एकच झेंडा, एकच चलन, एकच सरकार. धर्म एकच, आणि बहुसंख्य लोकांचा मसलकही एकच, हनफी. म्हणजे पुढे जो फरक पडला तो धर्माने पाडला असं म्हणायची सोय उरत नाही.

सुरुवात कुठून झाली

१९७१ साली कोणी पैज लावली असती तर ती पाकिस्तानवर लावली असती. पश्चिमेकडे कालवे होते, गव्हाची सुपीक जमीन होती, कराचीसारखं बंदर आणि कारखाने होते. पूर्वेकडे ताग होता, पण त्याच्या निर्यातीचा पैसा पश्चिमेकडे खर्च होतो ही तिथली जुनी तक्रार होती. भाषेचा वाद १९५२ पासून धुमसत होता. शेख मुजीबुर रहमान यांनी १९६६ मध्ये जे सहा मुद्दे मांडले, त्यात वेगळं चलन किंवा वेगळा हिशेब ठेवण्याची मागणी होती, ती याच तक्रारीतून आलेली.

मग १९७० चं नोव्हेंबरमधलं भोला चक्रीवादळ आलं. तीन ते पाच लाख माणसं गेली असा अंदाज आहे. त्याच्या पाठोपाठ निवडणूक, लष्करी कारवाई, युद्ध, आणि भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित. देश स्वतंत्र झाला तेव्हा पूल उडवलेले, रेल्वे मोडलेली, शाळांतले शिक्षक आणि विद्यापीठांतले प्राध्यापक वेचून मारलेले. १९७४ ला दुष्काळ पडला. परदेशी अधिकारी या देशाला जे नाव ठेवत होते, त्याचं बंगालीत भाषांतर झालं ‘तळ नसलेली टोपली’. कितीही घाला, खालून गळणारच. सरासरी आयुष्यमान पन्नाशीच्या आत होतं. पाकिस्तानातलं पन्नाशीच्या थोडं वर होतं.

आता आजचे आकडे बघा. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक तीन गोष्टी जोडून काढतात: आयुष्यमान, शिक्षणाची वर्षं आणि उत्पन्न. शून्य ते एक अशी मोजपट्टी. १९९० ला दोन्ही देश जवळपास एकाच जागी उभे होते, ०.४ च्या आसपास. २०२५ मध्ये आलेल्या अहवालात बांगलादेश ०.६८५ वर आहे, क्रमांक १३०. गंमत म्हणजे आपला भारतही नेमका त्याच आकड्यावर, त्याच क्रमांकावर आहे. पाकिस्तान ०.५४४ वर, क्रमांक १६८. म्हणजे सगळ्यात खालच्या, ‘कमी विकास’ गटात. बांगलादेशी माणूस आता सरासरी सत्तरी ओलांडतो. पाकिस्तानी माणसाला सत्तरी गाठायला अजून दोन-तीन वर्षं कमी पडतात. म्हणजे जो मागे होता तो पुढे गेला.

मुठभर गूळ, चिमूटभर मीठ

हे कसं झालं याचं उत्तर बहुतेक जण गारमेंट असं देतात. गारमेंट आहेच, पण माझ्या मते खरी सुरुवात त्याच्याही आधी, हगवणीपासून झाली.

ढाक्यात १९६० साली कॉलरावर संशोधन करणारी एक प्रयोगशाळा निघाली. तेव्हा तो पाकिस्तान होता आणि प्रयोगशाळेच्या नावातही पाकिस्तान होतं. तिथे १९६८ मध्ये सिद्ध झालं की पाण्यात मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात घालून पाजलं तर कॉलऱ्याचा बहुतेक रोगी सलाईनवर फारसं अवलंबून न राहता वाचतो. आतडं नुसतं मीठ शोषत नाही, पण साखर सोबत असली की दोन्ही शोषतं आणि त्यांच्यामागे पाणी आत जातं. एवढंच तत्त्व. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं, आणि मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं.

शोध लागणं वेगळं आणि तो खेड्यातल्या आईपर्यंत जाणं वेगळं. फजले हसन आबेद नावाचे एक गृहस्थ चितगावला शेल कंपनीत मोठ्या पगारावर होते. वादळ आणि युद्ध पाहिल्यावर त्यांनी १९७२ मध्ये ब्रॅक ही संस्था काढली. १९८० पासून दहा वर्षं या संस्थेच्या बायका घरोघर गेल्या आणि सव्वा कोटीच्या आसपास घरांत आईला समोर बसवून हे पाणी करायला शिकवलं. पाकीट नाही, औषधाचं दुकान नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईचा पगार कसा ठरायचा? काही आठवड्यांनी दुसरा माणूस जाऊन आईला विचारायचा, करून दाखव. आईला जितकं आठवलं, तितका पैसा शिकवणारीला. नुसतं जाऊन सही घेऊन आलं तर काही नाही. सरकारी योजना राबवणाऱ्या आपल्याकडच्या साहेबांनी ही पद्धत एकदा वाचावी अशी आहे.

नंतर असंही लक्षात आलं की बायकांना येतं, पण घरातले पुरुष करू देत नाहीत. मग पुरुषांशीही बोलायला सुरुवात झाली, बाजारात, मशिदीजवळ. काम वाढलं.

याच वाटेवरून पुढे लसीकरण गेलं आणि कुटुंबनियोजनही गेलं. १९७७ पासून मतलब या भागात संशोधन संस्थेने एक प्रयोग केला. शिकलेल्या स्थानिक बायका घरी जाऊन गोळ्या देत, त्रास झाला तर सल्ला देत, पुन्हा येत. पडद्यात राहणाऱ्या बाईला दवाखान्यात यायला सांगण्याऐवजी दवाखाना तिच्या अंगणात गेला. सरकारने हीच पद्धत देशभर नेली. १९७५ ला आठ टक्के जोडपी काही ना काही साधन वापरत होती, २०२२ मध्ये ६४ टक्के. एका बाईमागे सहाच्या वर मुलं होती, ती आता दोन-सव्वादोनवर आली. पाकिस्तानातही तेव्हा सहाच्या वरच होती. आज तिथे साडेतीनच्या आसपास आहेत आणि साधन वापरणाऱ्या जोडप्यांचं प्रमाण २०१७-१८ च्या पाहणीत ३४ टक्के होतं.

१९५१ च्या जनगणनेत पूर्व बंगालची लोकसंख्या पश्चिम पाकिस्तानपेक्षा जास्त होती. आज बांगलादेश १७ कोटींच्या आसपास आणि पाकिस्तान २४ कोटींच्या वर. तीच अजान, तीच रमजानची तरावीह, तेच निकाहाचे नियम, आणि आकडे इतके वेगळे. आपल्याकडे ‘यांची लोकसंख्या धर्मामुळे वाढते’ असं जे छातीठोकपणे बोललं जातं, त्यांना हा आकडा दाखवायला हरकत नाही. भारतातल्या मुस्लिमांचंही तसंच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ ला दर बाईमागे ४.४ मुलं होती, २०१९-२१ मध्ये २.३६. बाई शिकली, बाळ जगेल याची खात्री झाली आणि दवाखाना जवळ आला की आकडा खाली येतो. कुठेही.

बाळ जगेल याची खात्री, हा शब्द मुद्दाम वापरला. बांगलादेशच्या २०२२ च्या पाहणीत हजार बाळांमागे ३१ मुलं पाच वर्षांची होण्याआधी गेली. पाकिस्तानच्या २०१७-१८ च्या पाहणीत हा आकडा ७४ होता. दोन पाहण्यांमध्ये चार-पाच वर्षांचं अंतर आहे, तेवढं वजा करूनही फरक दुपटीच्या आसपासच राहतो.

पाकिस्तान कुठे अडकला

पाकिस्तानात काहीच झालं नाही असं समजू नका. लेडी हेल्थ वर्कर ही योजना त्यांनी १९९४ ला सुरू केली आणि आज जवळपास लाखभर बायका त्यात काम करतात. बेनझीर इन्कम सपोर्ट प्रोग्राम २००८ पासून गरीब घरातल्या बाईच्या नावाने पैसे देतो. कराचीत किडनीच्या उपचारासाठी एसआययूटी नावाचं रुग्णालय आहे, डॉ. अदीब रिझवी यांनी उभं केलेलं, तिथे डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट फुकट होतं. आणि आपल्या गुजरातच्या बांटवा गावात जन्मलेले अब्दुल सत्तार एधी यांनी जी अँब्युलन्स सेवा उभी केली, तिला जगात तोड कमीच.

पण एकेका चांगल्या माणसाच्या जोरावर देशाचा आकडा हलत नाही. जमिनीचं बघा. पूर्व बंगालमध्ये १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली. जमीनदार बरेचसे हिंदू होते आणि फाळणीत निघून गेले होते, त्यामुळे विरोध करायलाही फारसं कोणी उरलं नव्हतं. गावात सगळेच थोड्याफार फरकाने गरीब. अशा गावात संस्थेची बाई घरोघर फिरली तर तिला अडवणारा मोठा कोणी नसतो. पाकिस्तानात १९५९, १९७२ आणि १९७७ अशा तीन वेळा जमीन सुधारणा झाल्या, पण मोठ्या घराण्यांनी जमीन नातेवाइकांच्या नावावर फिरवली. पुढे तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या शरीयत पीठाने कजलबाश वक्फच्या खटल्यात जमिनीवर कमाल मर्यादा घालणं इस्लामविरोधी ठरवलं आणि विषयच संपला. सिंध आणि दक्षिण पंजाबात वडेरा आजही मतं, पोलीस आणि शाळा तिन्ही सांभाळतो. शाळेच्या इमारतीत जनावरं बांधलेली असतात आणि शिक्षक घरी बसून पगार घेतो, याला तिकडे ‘घोस्ट स्कूल’ म्हणतात.

लष्कराचा खर्च हे दुसरं कारण. ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेगळं लिहायला नको. एवढंच की बांगलादेशला काश्मीर नव्हतं, अफगाण सीमा नव्हती. त्या सीमेवरच्या युद्धांचा चटका पोलिओच्या लसीपर्यंत पोचला. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने अबोटाबादमध्ये लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. हे उघड झाल्यावर लस घेऊन दारात येणाऱ्या बाईवर लोकांनी विश्वास का ठेवावा? कट्टर गटांनी याचा फायदा घेतला, लस देणाऱ्यांवर आणि त्यांच्यासोबतच्या पोलिसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. नैसर्गिक पोलिओ आज जगात दोनच देशांत ठाण मांडून आहे, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. बांगलादेशात २००६ नंतर तो सापडलेला नाही.

शिक्षणात तर अंतर फारच स्पष्ट आहे. बांगलादेशने १९९४ पासून खेड्यातल्या मुलींना हायस्कूलसाठी स्टायपेंड द्यायला सुरुवात केली. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि दहावीपर्यंत लग्न नाही. फार मोठी रक्कम नव्हती, पण थेट मुलीच्या नावाने यायची. काही वर्षांतच हायस्कूलमध्ये मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीला आली. २०२२ च्या जनगणनेत ७४.६६ टक्के लोक साक्षर निघाले आणि स्त्री-पुरुषांमधला फरक चार टक्क्यांच्याही आत. पाकिस्तानच्या २०२३ च्या जनगणनेत साक्षरता ६०.६५ टक्के. पुरुष आणि बायकांत पंधरा टक्क्यांचा फरक. त्यातही पंजाब ६६ टक्के, बलुचिस्तान ४२. शाळेबाहेर असलेली मुलं अडीच कोटींच्या वर आहेत.

पगार हातात आलेली मुलगी

या शिकलेल्या मुली पुढे कुठे गेल्या? बऱ्याच गारमेंटमध्ये गेल्या. १९७९ मध्ये देश गारमेंट्स या कंपनीने सुमारे १३० जणांना दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे शिकायला पाठवलं. ते परत आले, काही वर्षांत त्यांच्यातल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. आज या धंद्यात चाळीस लाख लोक आहेत. पाकिस्तानकडे स्वतःचा कापूस होता, गिरण्या होत्या. बांगलादेशकडे कापूस जवळजवळ नाहीच. तरी शिवणकामात बांगलादेश पुढे गेला, कारण शिवायला बसणाऱ्या बायका घराबाहेर पडल्या. मुलीला पगार मिळतो म्हटल्यावर बापही तिला शाळेत ठेवतो, कारण सुपरवायझरला हिशेब लिहिता येणारी हवी असते.

पण हे सगळं गोड गोड नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ साभारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं दबून मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद राहिली, गारमेंटच्या कामगारांना मात्र आत पाठवलं गेलं. किमान पगार डिसेंबर २०२३ पासून महिना साडेबारा हजार टका झाला, म्हणजे त्या वेळच्या भावाने आपले साडेनऊ हजार रुपये. ढाक्यात एका खोलीचं भाडं देऊन यात काय उरतं, हे मुंबई-भिवंडीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

जिथे बांगलादेश मागे आहे

तुलना करणारे लोक एक आकडा सहसा लपवतात. बांगलादेशात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ५१ टक्के बायकांचं लग्न १८ वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं, २०१९ च्या पाहणीत. पाकिस्तानात हेच प्रमाण २०१७-१८ ला १८ टक्के. मुलगी दहावी झाली की लगेच बोहल्यावर, अशी तिथली रीत स्टायपेंडच्या अटीला वळसा घालून टिकून राहिली. शाळा वाढली तरी लग्नाचं वय त्याच वेगाने वाढलं नाही. याचं समाधानकारक स्पष्टीकरण मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. हुंडा आणि मुलीच्या ‘सुरक्षिते’ची भीती ही कारणं सांगितली जातात, ती पाकिस्तानातही आहेतच की.

पाण्याचंही तसंच. हगवण कमी करण्यासाठी तळ्याचं पाणी सोडा, हातपंपाचं प्या असं सांगून लाखो हातपंप बसवले. १९९० च्या दशकात कळलं की त्यातल्या अनेकांच्या पाण्यात जमिनीतलं आर्सेनिक आहे. कोट्यवधी लोक वर्षानुवर्षं ते पीत होते. काही पंपांना लाल रंग दिला, काहींना हिरवा. लाल रंग उडाला तरी पंप चालूच.

जागेचा प्रश्न तर सुटणाराच नाही. बांगलादेशात एका चौरस किलोमीटरमध्ये अकराशेहून जास्त माणसं राहतात, पाकिस्तानात तीनशे. लाहोरच्या मध्यमवर्गीय घरात जेवढं अंगण असतं तेवढ्यात ढाक्यात चार कुटुंबं असतात. हवेच्या बाबतीत मात्र ढाका आणि लाहोर दोघांनी एकमेकांशी स्पर्धा लावली आहे. विजेचं म्हणाल तर पाकिस्तानात गेल्या दोन-तीन वर्षांत एक वेगळीच गोष्ट घडते आहे. बिलं इतकी वाढली की लोकांनी सरकारची वाट न पाहता छपरावर चिनी सोलर पॅनल चढवले. २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॅटचे पॅनल आले. ज्याला छप्पर आणि पैसा आहे तो सुटला. ज्याच्याकडे नाही, त्याच्या बिलात उरलेल्या ग्रिडचा खर्च वाढला.

आपत्तीच्या बाबतीत बांगलादेश शिकला हे मान्य करावंच लागेल. १९७० ला लाखोंनी माणसं गेली. १९९१ च्या वादळात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास. २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आत. मधल्या काळात उंच खांबांवर सिमेंटचे निवारे बांधले, एरवी त्यातच शाळा भरते. सायकलवर भोंगा घेऊन फिरणारे हजारो स्वयंसेवक तयार केले. पाकिस्तानात २०१० ला महापूर आला, दोन कोटी लोकांना फटका. बारा वर्षांनी २०२२ ला पुन्हा आला, तेव्हा सव्वातीन कोटींहून जास्त, आणि सतराशेवर मृत्यू. सिंधमध्ये महिनोन्महिने पाणी उतरलं नाही.

आणि एक गोष्ट कोणत्याच निर्देशांकात येत नाही. आयुष्यमान वाढलं, शाळा वाढली, उत्पन्न वाढलं, सगळं खरं. तरी जुलै-ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशातली शिकलेली पोरं रस्त्यावर उतरली आणि ५ ऑगस्टला शेख हसीना यांना देश सोडावा लागला. त्या काही आठवड्यांत चौदाशेपर्यंत माणसं मारली गेली असावीत, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने म्हटलं. सुरुवात सरकारी नोकऱ्यांतल्या कोट्यावरून झाली होती. शिकवलं पण काम दिलं नाही, मत दिलं पण मोजलं नाही, आणि बोललं तर उचलून नेलं, हा त्यांचा राग होता. पाकिस्तानातही माजी पंतप्रधान इम्रान खान ऑगस्ट २०२३ पासून तुरुंगात आहेत आणि बलुचिस्तानात बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन आया रस्त्यावर बसतात. या बाबतीत कोण पुढे, कोण मागे ते कसं मोजणार?

एक मोजमाप लोक स्वतःच करतात, पायांनी. २०२३ या एका वर्षात पाकिस्तानातून आठ लाखांहून जास्त लोक कामासाठी परदेशी गेले. बांगलादेशातून तेरा लाख. बहुतेक आखाताकडे, जिथे आपल्या रत्नागिरी-रायगडची पोरंही त्यांच्याच शेजारी काम करतात. जाण्यासाठी दलालाला आणि तिकिटाला मिळून बांगलादेशी कामगार सरासरी चार लाख टक्यांच्या वर खर्च करतो असं तिथल्याच सरकारी पाहणीत दिसलं, आणि ते पैसे परत मिळवायला त्याला जवळपास दीड वर्ष राबावं लागतं. पाकिस्तानी रुपया घसरला किंवा टका वर गेला, दम्मामच्या लेबर कॅम्पमध्ये दोघांचा बंक एकाच खोलीत असतो.